वर घेतलेले काठ

अदिस अबाबा
हिदार १२, २००८

प्रिय आत्या,
तुझ्या दोन्ही गुडघ्यांना ओठ लावून नमस्कार.

या शनिवारचा सिनेमा सांगतो, पण फार आशेनं वाचायला बसू नकोस. तुझे कान गेल्यापासून आणि फोन निरुपयोगी झाल्यापासून मी तुला दर शनिवारचा सिनेमा पत्रातून दाखवतोय. त्यात इतका थंड सिनेमा पहिलाच. वाईट म्हणावं तर वाईट नाही, चांगला म्हणायला जीभ रेटत नाही. मीठ विसरलेल्या मसुरीसारखा आहे. पोट भरतं, बास.

नाव ‘सकाळचे पाहुणे’. काळ तुमचा, दर्गच्या लष्करी राज्यातला. एका मास्तरला शिपाई घरातून उचलून नेतात. बायको वाट बघते. पुढचा अर्धा सिनेमा ती वाटच बघते. डाळ निवडते, वाट बघते. केस विंचरते, वाट बघते. तुरुंग दाखवत नाहीत, गोळी उडत नाही, कुणी साधा आवाज चढवत नाही. मग एका पहाटे तीन नातेवाईक येतात. ती कॉफी करते. आणि ती कॉफी खरोखरच्या कॉफीइतका वेळ चालते गं! बिया धुतल्या, भाजल्या, कुटल्या, उकळल्या. माझ्या शेजारचा गृहस्थ चक्क घोरायला लागला. पाहुणे कॉफी पितात, इकडचं तिकडचं बोलतात आणि उठून जातात. बाई खोली झाडते. संपला सिनेमा. पुढे काही असेल म्हणून लोक खुर्च्यांत तसेच बसून राहिले होते.

जुने कपडे, जुनी भांडी, जुना रेडिओ, सगळं झकास जमवलंय. फक्त एक चूक अशी केलीय की मला हसू आलं. ते तिघं पाहुणे अंगावरच्या शालीचे, नेतेल्याचे काठ वर, गळ्याशी घेऊन येतात. मर्दो सांगायला निघाल्यासारखे! मेल्याची बातमी घेऊन जायचं तर काठ वर घ्यायचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण या गोष्टीत मेलंय कोण? अख्ख्या सिनेमात मरणाचं कुणी अवाक्षर काढत नाही. कपडेपट सांभाळणाऱ्या हल्लीच्या पोरी, त्यांना कुठलं माहीत असायला.

बाबांनाही सिनेमाला नेलं होतं, तेवढाच त्यांना बदल. पण कॉफी चालू असताना ते मधेच उठले. गुडघा धरला म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनाही कंटाळा आला असणार, बिचारे सांगत नाहीत.

सुदानहून कुणी आलं-गेलं का? कासाहुन काकांची काही खबर? हे मी दर पत्रात विचारतो आणि तू दर पत्रात उत्तर द्यायचं टाळतेस, तरी विचारतो.

तुझा भाचा,
बिसरात


गोंदार
हिदार २१

बिसरात बाळा,
देव तुला उदंड आयुष्य देवो, आणि त्यात थोडी अक्कलही घालो.

पत्र मिळालं. तुझं अक्षर वाचताना तुझ्या मास्तरांचा उद्धार करत असते मी. मी जन्मभर पोरांना भूगोल शिकवला, पण नकाशातल्या नद्यासुद्धा तुझ्या ओळींपेक्षा सरळ वाहतात.

सिनेमा तुला आवडला नाही म्हणतोस, ठीक. पण सांगायचा तर नीट सांगावा. ‘कॉफी केली’ म्हणजे काय? खाली ताजं गवत पसरलेलं होतं का? होतं तर आधीपासून होतं, की पाहुणे दिसल्यावर पसरलं? तिघं कोण होते, पुरुष किती, बाया किती, वयं काय? तिसरा, आशीर्वादाचा पेला पिऊन उठले की आधीच? तू नुसता शेजाऱ्याच्या घोरण्याचा हिशेब ठेवलास. पुन्हा जा आणि डोळे उघडे ठेवून बघ. तिकीट माझ्याकडून समज. उगीच विचारते आहे, म्हातारीला दुसरा उद्योग काय.

तुझ्या बापाला मात्र यातलं काही विचारू नकोस. माझा धाकटा भाऊ आहे, मी ओळखते त्याला. त्याचा गुडघा दुखतो ना, दुखू दे.

इकडे चर्चचे जुने अब्बा देवाघरी गेले आणि नवे आलेत, तुझ्याच वयाचे. रविवारी प्रार्थनेसाठी नावं विचारत माझ्याजवळ आले. मी नेहमीप्रमाणे कासाहुनचं नाव जिवंतांच्या यादीत सांगितलं. हे पोरगं मला विचारतं, “आजी, त्यांची शेवटची खबर कधीची?” मी म्हटलं, “अब्बा, तुम्ही तुमची धूपदाणी सांभाळा.” बोलायला बोलले, पण घरी येऊन जेवण गेलं नाही. मी गेल्यावर त्याचं नाव कोण सांगणार आणि कशात सांगणार, हा विचार हल्ली पाठ सोडत नाही.

उपवास चालू आहेत. तू पाळतोस की हॉटेलात मांस चेपतोस, देव जाणे.

तुझी आत्या,
येशिमबेत


अदिस अबाबा
तहसास ६

प्रिय आत्या,

गेलो होतो. तुझ्या शेऱ्यांना घाबरून यावेळी पुढच्या रांगेत बसलो.

गवत आधी नसतं. बाई खिडकीशी उभी असते, गल्लीतून ते तिघं येताना तिला दिसतात. तिचा चेहरा दाखवत नाहीत, फक्त पाठ. मग ती मागच्या दारानं बाहेर जाते, विळ्यानं ओंजळ-ओंजळ गवत कापते आणि धावत येऊन सगळ्या खोलीत पसरते, सण असल्यासारखं. मागच्या वेळी मला वाटलं होतं, किती हौशी बाई आहे. तिघांत एक काठी टेकणारे म्हातारे, एक वयस्क बाई, आणि मागे एक कॉलेजातला मुलगा. म्हातारे दारातच थबकतात, गवताकडे बघतात आणि वहाणा काढून मुकाट बसतात. मुलगा सारखा जमिनीकडे बघतो. एकदा तो तोंड उघडतो, तर ती चटकन त्याच्या हातात पेला देते आणि विचारते, “परीक्षा कधी रे तुझी?” आणि हसते. तिसरा पेला कुणी पीत नाही. ती ओतते, आणि ते तसेच भरलेले पेले ठेवून उठतात.

सिनेमा अजूनही लांबलाय, हे मी लिहून देतो. पण त्या हसण्यापाशी मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. का ते मला नीट सांगता येत नाही. आणि गंमत म्हणजे तेव्हापासून घरी कुणी दार वाजवलं की मी आधी त्याच्या नेतेल्याचा काठ कुठे आहे ते बघतो. काल दूधवालीचा बघितला. ती मला वेडा समजली असेल.

बाबांना मी काही विचारलं नाही. पण त्यांनीच विचारलं, “येशीला त्या सिनेमाचं लिहिलंस का तू?” मी म्हटलं, नाही. खोटं का बोललो, मलाच कळलं नाही. ते “बरं केलंस” म्हणाले आणि ताट सारून उठले. त्यांची भूक गेलीय, आत्या. हे सगळं काय आहे? त्या बाईला काय झालंय ते तुला माहीत आहे, मला वाटतं.

बिसरात


गोंदार
तहसास १९

बिसरात,

तुझं पत्र मी पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवलं आणि बरेच दिवस त्या डब्याला हातच लावला नाही. आता लिहिते. खुर्चीत बसून वाच.

ती बाई मी आहे.

आपल्या पंचांगातल्या सत्तर साली, अडतीस वर्षांपूर्वी, मेगाबित महिन्यात एका पहाटे मी खिडकीशी उभी होते. कासाहुनला नेऊन बरेच दिवस झाले होते. गल्लीतून आमचे थोरले काका आले, त्यांच्यामागे कासाहुनची मावशी, आणि सगळ्यात मागे तुझा बाप. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तिघांचेही काठ वर. मला तिथेच कळलं, बिसरात. कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

मग मी गवत का पसरलं? कारण गल्लीच्या तोंडाशी शिपायांची चौकी होती. ज्या घरातून रडणं ऐकू येईल ते घर शत्रूचं, असा हुकूम होता. त्या वर्षी गोंदारात रडायची बंदी होती. काकांनी तोंड उघडलं असतं तर मी किंचाळले असते, माझा गळा मला माहीत आहे. आणि मी किंचाळले असते तर शिपाई आत आले असते, आणि त्या खोलीत एकच तरुण मुलगा होता. नवरा गेला होता, भाऊ जाऊ द्यायचा नव्हता. गवत पसरलेल्या घरात मर्दो कोण सांगणार? म्हणून सण मांडला. तुझ्या बापानं, शिफेरावनं तोंड उघडलं तेव्हा त्याच्या हातात पेला दिला, परीक्षेचं विचारलं, हसले. कशी हसले ते मला विचारू नकोस.

ते गेले. त्यांना वाटलं, हिला कळलंच नाही, बिचारी आशेवर आहे, असू दे. मग कुणीतरी म्हणालं, कासाहुन सरहद्दीवरच्या मेतेम्मावरून सुदानात पळाला. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं, मी त्यांच्यासाठी मानलं. पुढे दर्ग गेलं, चौकी गेली, तिथे आता पोरं फुटबॉल खेळतात. पण तोवर सगळ्यांना सुदानची सवय झाली होती. तू लहानपणी विचारायचास, काका उंटावर बसून येणार का? मी हो म्हणायची.

तू म्हणशील, कळलं होतं तर इतकी वर्षं काय करत होतीस? अरे, कळणं वेगळं आणि सांगितलं जाणं वेगळं. मर्दो मिळालं नाही तर मोकळेपणी रडता येत नाही, काळं नेसता येत नाही, अब्बांना ‘मेलेल्यांत वाचा’ असं सांगता येत नाही. आणि स्वतःचं मर्दो स्वतःला देता येत नाही. काका गेले, मावशी गेली. तिघांतला तुझा बाप तेवढा उरलाय. तो गेला किंवा मी गेले, की कासाहुन कायमचा मधेच अडकला. जिवंतांत त्याचं नाव घेणारं कुणी नाही, मेलेल्यांत तो कधी गेलाच नाही. कधी भर दुपारी मला तो अंगणात उभा दिसतो. ये म्हटलं तरी आत येत नाही. भूत म्हणून त्याला हाकलायचं तरी कसं, भुताला आधी मरावं लागतं.

मी थकले आता. हे उरकल्याशिवाय मला जायचं नाही.

आणि मला संतापही आलाय. त्या खोलीत आम्ही चौघं होतो. परीक्षा कधी हे मी विचारलं होतं, ते त्या सिनेमावाल्या पोरीला सांगितलं कुणी? तुझ्या बापानं? विचार तिला.

येशिमबेत


अदिस अबाबा
तिर ३

माझी लाडकी आत्या,

गेन्नाच्या सणाला तुझ्यासाठी घेतलेली शाल इथेच राहिली, मी स्वतः घेऊन येणार आहे. का ते पुढे सांगतो.

आधी तुझ्या रागाचं. सिनेमाची दिग्दर्शिका लोकांशी बोलायला थिएटरात येणार होती, म्हणून तिसऱ्यांदा गेलो. पोरगी माझ्यापेक्षा लहान आहे. मी उभा राहून विचारलं, “बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” ती म्हणाली, “आईनं. आमच्या देस्सेच्या घरात झालेलं आहे. ते मास्तर म्हणजे माझे मामा.” तुमचं गोंदार, त्यांचं देस्से. बाबांना ती ओळखतही नाही. मी खाली बसलो तोच मागून एक म्हातारे उठले आणि म्हणाले, “आमच्याकडे गवत नव्हतं, माझ्या बहिणीनं रेडिओ लावला होता.” मग एक बाई उठली. मग आणखी एक. घोरणाऱ्या लोकांच्या त्याच थिएटरात, आत्या, एकेक जण उठून आपापल्या घरातली ती सकाळ सांगत होता, आणि पोरगी माईक हातात धरून उभ्या उभ्या रडत होती. मला वाटत होतं सगळ्या देशानं त्या वर्षी नुसती कॉफीच केली की काय.

घरी आलो आणि तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. तू विचारू नकोस म्हणाली होतीस, पण मला राहवेना. रागव हवं तर. त्यांनी पत्र माझ्या हातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “तिला कळलं होतं? मग ती हसली कशी?” एवढंच पुन्हा पुन्हा. नंतर सांगितलं की अझेझोच्या रस्त्यावर कासाहुन काकांचं प्रेत त्यांनीच ओळखलं होतं, तू विणलेल्या स्वेटरवरून. घरी येऊन मोठ्यांना त्यांनीच सांगितलं, आणि तुला सांगण्याची पाळी आली तेव्हा तू पेला पुढे केलास. “मला वाटायचं, मी तोंड उघडायला उशीर केला म्हणून ती जन्मभर दाराकडे बघत बसली,” म्हणाले. मी म्हटलं, “बाबा, तिनं तुम्हाला वाचवलं.” त्यावर ते असे रडले की शेजारीण धावत आली.

तिमकतच्या सणाची गर्दी ओसरली की आम्ही दोघं येतोय. रीतीनं येणार, पहाटे, काठ वर घेऊन, तुझ्या गल्लीतल्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन. बाबा रोज सकाळी न्हाणीघरात ते वाक्य म्हणून बघतात. दोनच शब्द आहेत, तरी पाण्याचा आवाज बंद होतो आणि शब्द काही बाहेर येत नाहीत. त्यांच्यानं होईल की नाही, मला धास्ती वाटते. झालं नाही तर तू त्यांना बोल लावू नकोस.

आणि कपडेपटवाल्या पोरींची मी मनातल्या मनात माफी मागितली.

तुझा,
बिसरात


गोंदार
येकातित १६

बिसरात बाळा,

तुम्ही दोघं सुखरूप पोचल्याचं कळलं. शिफेरावला म्हणावं, गुडघ्याला तीळतेल लाव, आता खरंच दुखतो म्हणे.

त्या पहाटेबद्दल एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुझा बाप दारात उभा होता, मागे सगळी गल्ली. त्याचे ओठ हलले. मी म्हटलं, “मोठ्यानं बोल.” पुन्हा नुसते ओठ. तू त्याला मागून कोपरानं ढोसलंस, ते पाहिलं मी. मी म्हटलं, “शिफेराव, बहिरी आहे मी, मोठ्यानं!” तेव्हा तो ओरडला. “कासाहुन मेला, येशी! कासाहुन मेला!” चौकी होती त्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. तू नंतर हळहळलास की म्हाताऱ्याला आत्यानं उगीच तीन तीनदा बोलायला लावलं. अरे, मला ओठ वाचता येतात. कान गेल्यापासून येतात. त्यानं पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच समजलं होतं. पण मला ते त्या गल्लीत मोठ्यानं हवं होतं.

मग मी जी रडले, ती तुम्ही पाहिलीच. मांडवात शोकगीत म्हणणारी बाई आली, तिनं विचारलं, “वय काय होतं?” मी म्हटलं, सव्वीस. ती गळ्यात पडून म्हणाली, “मुलगा होता का आजी तुमचा?” मी तिला दुरुस्त केलं नाही. तो तेवढाच राहिला आणि मी अशी झाले, त्याला ती तरी काय करणार.

तुझा सिनेमा इथे पियात्सा चौकात लागला होता. शेजारच्या पोरीला घेऊन गेले. काळं नेसून सिनेमाला गेली म्हणून लोक बोलतात, बोलू देत. तुला माझं मत हवं असेल तर ठीक आहे. लांबलाय, तुझं बरोबर. आणि ती नटी कॉफी फार शांतपणे ओतते. माझ्या हातून निम्मी बशीत सांडली होती. तिघांनी न पाहिल्यासारखं केलं होतं, हे मला तिथे अंधारात बसल्यावर आठवलं. म्हणजे त्यांनाही कळलं होतं का, की मला कळलंय? काकांना? मावशीला? आता कुणाला विचारू. शिफेरावला मी विचारणार नाही, आणि तूही विचारू नकोस.

रविवारी चर्चला गेले. कासाहुनचं बाप्तिस्म्याचं नाव तुला कधी सांगितलं नव्हतं, चर्चच्या प्रार्थनेबाहेर ते उगीच सांगायचं नसतं. वोल्दे किदान. पाठ करून ठेव, माझ्यानंतर तुलाच सांगायचंय. मी अब्बांना म्हटलं, मेलेल्यांत वाचा. त्यांनी वाचलं. त्यांच्या ओठांवर ते नाव आलेलं मी पाहिलं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुष्कळ वर्षांनी गुडघे न दुखता उभी राहिले.

मग जिवंतांची पाळी आली. अब्बा एकेकाला विचारत माझ्याजवळ आले. मी तुझं नाव सांगितलं, शिफेरावचं सांगितलं, आणि तोंडातून निघून गेलं, वोल्दे किदान. अब्बा गोंधळले. “आजी, ते तर आत्ताच...” म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. चुकलं, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “वाचा.”

त्या पोरानं धूपदाणी खाली ठेवली. मग त्यानं वाचलं.

तुझी आत्या,
येशिमबेत